किंग्स्टनचा माँटी अलेक्झांडर

श्रोतेहो, नमस्कार.

जमैकातलं किंग्स्टन म्हटलं की आपल्याला सबाइना पार्क आठवतं, १९७१ साली दिलीप सरदेसाईंनी तिथं ठोकलेल्या २१२ धावा आठवतात. आज त्याच शहरातल्या एका पियानोवादकाबद्दल बोलायचं आहे. माँटी अलेक्झांडर. जन्म ६ जून १९४४, म्हणजे दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या तो दिवस. मुलाचं नाव मग थेट ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीवरून पडलं!

पोरवयात त्याने किंग्स्टनच्या कॅरिब थिएटरात लुई आर्मस्ट्राँग आणि नॅट किंग कोल या अमेरिकी जॅझ कलाकारांना प्रत्यक्ष ऐकलं. आणि घराबाहेर होता मेंटो, बँजोच्या साथीनं गायलं जाणारं जमैकाचं लोकसंगीत.

अमेरिकी जॅझ आणि कॅरिबियन संगीत यांचा मिलाफ माँटीने घडवला, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. १९५०च्या दशकात किंग्स्टनच्या अंगणांमध्ये मोठाले स्पीकर लावून नाच रंगायचे आणि त्यावर वाजायच्या अमेरिकेतल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या. पुढे तिथल्याच वादकांनी त्या ठेक्यातल्या मधल्या, आड पडणाऱ्या आघातावर जोर दिला आणि त्यातून ‘स्का’ जन्मला. हे वादक मुळात जॅझ वाजवणारे होते. गिटारवादक अर्नेस्ट रँग्लिन त्यांतलाच. स्काच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगांत कोवळा माँटीही पियानोवर होता. म्हणजे सोयरीक आधीच जमली होती, हा त्या घरात वाढला.

१९६१मध्ये तो मायामीला गेला, पुढे न्यूयॉर्कला. तिथल्या जिलीज या क्लबात गायक फ्रँक सिनात्राची ऊठबस असे. तिथं याचा पियानो वाजू लागला. मग रे ब्राउन, मिल्ट जॅक्सन अशा जॅझमधल्या दिग्गजांची संगत लाभली. जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसनशी तुलना तर कायमचीच चिकटली. १९७६चं मॉन्त्रो महोत्सवातलं त्याचं वादन ऐकलं की ती का, ते कळतं: जॉन क्लेटनचा बास (खर्जातलं तंतुवाद्य), जेफ हॅमिल्टनचे ड्रम्स आणि त्यावर माँटीची सुसाट बोटं.

पण मला जास्त आवडतो तो पुढचा माँटी. १९९९मध्ये त्याने बॉब मार्लीच्या गाण्यांचा आल्बम केला. मार्ली म्हणजे रेगेचा गायक, आणि रेगे म्हणजे स्कातूनच पुढे आलेलं जमैकाचं संगीत. नंतर ‘हार्लेम-किंग्स्टन एक्सप्रेस’ नावाचा ताफा उभारला. यात रंगमंचावर दोन बँड असतात. एका बाजूला जॅझवाले, उभा लाकडी बास घेऊन. दुसरीकडे रेगेवाले, इलेक्ट्रिक बास आणि गिटारसह. मध्ये माँटी.

दोघांतला फरक आपल्या कानाला चटकन उमगेल. जॅझचा बास चारही मात्रा चालत राहतो. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात मात्र पहिली मात्रा ड्रमवाला चक्क मोकळी सोडतो, घाव पडतो तिसरीवर. आपण जिथं समेची वाट बघत मान तयार ठेवतो, तिथंच पोकळी! माँटी एका बँडला हातानं थांबवतो, दुसऱ्याला उठवतो, आणि पियानोवरचं वाक्य मात्र मध्ये तुटत नाही. दोन्ही ठेक्यांची भेसळ करून एक मिळमिळीत तिसरा ठेका बनवणं सोपं होतं. त्याने दोघांनाही आपापला तोरा राखू दिला.

आता त्याच ताफ्याचं वादन ऐकवतो. ठेका पालटला की आधी बासकडे कान द्या, पियानोकडे नंतर.