साखर पोरीच्या खिशातच हवी

पत्रिकेवर ‘बालमधुमेह’ असा विषय छापलाय. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे, रक्तातली साखर अचानक उतरते त्यावर. समोर शिक्षक बरेच दिसतायत, म्हणून मुद्दाम.

टाइप १, म्हणजे मुलांना बहुतेक वेळा होतो तो मधुमेह, गोड खाल्ल्यानं होत नाही, हे तुम्ही जाणता. रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन शरीरात तयार होत नाही, ते बाहेरून द्यावंच लागतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी ही मुलं फार जगतच नसत. पण टोचलेल्या इन्सुलिनला मधली सुट्टी लांबली हे कळत नाही. ते साखर उतरवतच राहतं.

माझ्याकडे येणारी तिसरीतली एक मुलगी. शाळेचं नाव सांगत नाही. सव्वीस जानेवारीच्या कवायतीची तालीम चाललेली, ऊन चढलेलं, डबा खायची वेळ टळलेली. पोरीचे हात थरथरायला लागले, घाम फुटला. ग्लुकोजची पुडी दप्तरात आणि दप्तर दुसऱ्या मजल्यावर. बाईंना सांगितलं, तर ‘घंटा होऊ दे’. पुन्हा सांगितल्यावर वर पाठवलं, एकटीला! ती जिन्यातच बसली. शाळेतल्या मावशींनी पाहिलं आणि चहाच्या डब्यातली साखर पाण्यात ढवळून पाजली. मावशींनी कुठलं प्रशिक्षण घेतलं नव्हतं. त्यांनी पोरीचा चेहरा पाहिला. आणि नंतर शाळेनं काय करावं? ‘काही झाल्यास जबाबदारी आमची’ असं वडिलांकडून लिहून घेतलं. पुडी ऑफिसच्या कपाटात ठेवली, कुलपात. मला याचा आजही संताप येतो.

घरीही तेच. गड्ड्याच्या जत्रेत मूल चालून चालून गळतं, आणि ‘शुगरच्या पोराला साखर नको’ म्हणत आत्या शेंगाची पोळी पुढे करते. हसताय, म्हणजे तुमच्याही घरात अशी आत्या आहे! शेंगदाण्यातल्या तेलानं साखर रक्तात उशिरा पोचते. चॉकलेटचंही तसंच.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीये, तेव्हा भराभर सांगतो. रक्ततपासणीच्या मशीनवर ७० च्या (mg/dL) खाली आकडा म्हणजे साखर कमी. मशीन जवळ नसेल तर लक्षणांवरून द्या, वाट पाहू नका. मोठ्या मुलाला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे पाण्यात तीन-चार चमचे ग्लुकोज किंवा साखर. लहानग्याला वजनाप्रमाणे कमी, किलोमागे ०.३ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. जेवणाची वेळ लांब असेल तर नंतर थोडी भाकरी किंवा बिस्किटं. त्या वेळी मुलाला एकटं सोडायचं नाही. दिवसभर खेळलं असेल तर रात्रीही साखर उतरू शकते, झोपताना तपासा.

बेशुद्ध असेल, झटके येत असतील, तर तोंडात काही घालू नका, घशात अडकेल. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. घरात ग्लुकागॉनचं, म्हणजे साखर वाढवणारं, इंजेक्शन असेल तर २५ किलोच्या आतल्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम, वरच्याला एक. ते कसं द्यायचं हे ज्यांना बघायचंय त्यांनी आता पुढे या, मी रिकामी सिरिंज आणलीये.