दाराशी झोपणारा मुलगा

श्रोतेहो, नमस्कार.

बालगृह म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, तिथे मुलांना जेवायला काय देतात? जेवण मिळतं हो. पण मुलाला आणखी दोन गोष्टी लागतात. एक, स्वतःची म्हणता येईल अशी वस्तू. दुसरी, रोज दिसणारं तेच माणूस. पुन्हा सांगते, स्वतःची वस्तू आणि तेच माणूस.

कायद्याचं थोडक्यात सांगते. बाल न्याय अधिनियम 2015 सालचा. निराधार मूल सापडलं की 24 तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, आणि त्याला कुठे ठेवायचं ते समितीने ठरवायचं.

तसाच एक मुलगा आमच्या बालगृहात आला. सात-आठ वर्षांचा, मनमाड स्टेशनवर सापडलेला. गाव सांगेना. रात्री बाकीची मुलं पलंगावर आणि हा दाराशी, फरशीवर, चपला उशाला घेऊन. उचलून पलंगावर निजवलं तर पहाटे पुन्हा दाराशीच. चौकीदार म्हणाले, "पळायच्या बेतात आहे, बाहेरून कडी घाला." रात्रपाळीच्या मावशी म्हणाल्या, "पळणारं पोर चपला पायात घालतं. ह्याच्या कुणीतरी चोरल्यात कधीतरी."

अगदी खरं. फलाटावर झोपणारी पोरं चपला उशालाच घेतात.

दुसऱ्या दिवशी मावशींनी त्याला पत्र्याची पेटी दिली, कुलूप दिलं, किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधली. "एकच किल्ली आहे बघ. मलासुद्धा उघडता यायचं नाही." त्याने चपला आत ठेवल्या, कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. रात्री मावशींनी आपली सतरंजी दाराशीच, त्याच्या शेजारी टाकली. मग रोज ती हातभर आत सरकायची, आणि तिच्या मागोमाग तोही. दिवाळीच्या आत पोरगा पलंगावर! एकदा शाळेत निघताना किल्ली मावशींच्या हातात देऊन म्हणाला, "ठेव, कबड्डीत हरवेल." त्या आठवड्यात गावाचं नाव सांगितलं. गृहचौकशी, म्हणजे घरची चौकशी झाली, आजी सापडली, आणि तो पेटीसकट आजीकडे गेला.

अशा मावशी बहुतेक ठिकाणी कंत्राटावर असतात. कंत्राट संपलं की माणूस बदलतं, आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मला हे मुळीच पटत नाही. काळजीवाहकांना कायम करा, पगार नीट द्या. आणि वाढदिवसाचे केक घेऊन बालगृहात जाणाऱ्यांनो, मुलांना ओळीत बसवून फोटो काढू नका. दर शनिवारी तासभर जा, गणितं सोडवून घ्या, तुम्हीही 'तेच माणूस' व्हाल.

स्टेशनवर, एसटी स्टँडवर एकटं मूल दिसलं तर 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर लावा. एक, शून्य, नऊ, आठ. फुकट आहे, रात्रीही लागतो. कोणी येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा.

नमस्कार.