बंधारा, गाळ आणि पाखरं

(दृश्य: धुक्यातला रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा)

नांदूर मध्यमेश्वर. हे नाव नाशिककर पावसाळ्यात रोज ऐकतात. गोदेला पूर आला की 'नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग' अशी बातमी येते. पाऊस सरला की नाव विसरलं जातं. खरी तिथे पक्षी बघायला जायची वेळ तेव्हाच सुरू होते.

नाशिकहून चांदोरी, सायखेडा मागे टाकत साधारण 40 किलोमीटरवर चापडगाव लागतं. उजाडताना पोचायचं तर स्वेटरवर मफलर हवाच. हा निफाड तालुका आहे. राज्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी बऱ्याचदा इथूनच निघते.

(दृश्य: ड्रोनमधून संगम, बेटं, पाणकणसाचे पट्टे)

गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात हा दगडी बंधारा बांधला गेला, तो कालव्यांना पाणी वळवण्यासाठी. पक्ष्यांचा विचार त्यात कुठेच नव्हता. नदी पुरात गाळ घेऊन येते, बंधाऱ्याशी पाणी थबकतं आणि गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षं हेच चाललं. साठवण घटली, बेटं वर आली, मधे उथळ डबकी राहिली, पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा सरळ तोटा. पण याच तोट्यावर 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, आणि पुढे महाराष्ट्रातली पहिली रामसर (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारातली) पाणथळ जागा होण्याचा मानही याच गाळाला मिळाला.

(दृश्य: काठाची पायवाट, पाण्यातले पक्षी जवळून)

निरीक्षण मनोरे आहेत, पण आल्या आल्या वर चढायची घाई करू नका. आधी काठाने चाला, आणि पाण्याची खोली बघत चाला. अगदी कडेला, घोटाभर पाण्यात, लांब गुलाबी पायांचे शेकाटे. जरा आत चमचे. हा पांढरा पक्षी चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून, विळा फिरवावा तशी डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे सरकतो. डोळ्यांनी शोधण्यापेक्षा स्पर्शावर त्याचा भरवसा जास्त. चोचीला मासळी लागली की ती फटकन मिटते.

आणखी आत थापट्या बदकं. यांच्या रुंद चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात, पाणी गाळून जीवजंतू तेवढे पोटात जातात. कधी कधी थवाच्या थवा गोल गोल पोहतो. पुढच्याने ढवळलेल्या पाण्यात मागच्याचा नाश्ता होतो.

पाणकणसाच्या कडेला जांभळी पाणकोंबडी देठ उपटून एका पायात धरते आणि सोलून आतला कोवळा गाभा खाते. मोकळ्या पाण्यात पसरलेले वारकरी नावाचे काळे पाणपक्षी अचानक दाटीवाटीने एकत्र येतात. मान वर करा. दलदलीवरून भोवत्या हा शिकारी पक्षी कमी उंचीवरून घिरट्या घालत येत असणार.

(दृश्य: शेतात उतरलेला थवा)

डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे पट्टकदंब तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. दिवसा पाण्यावर विसावतात आणि चरायला शेतांत उतरतात. अभयारण्याच्या सुमारे 100 चौरस किलोमीटरमध्ये गावं आहेत, ऊस, गहू, हरभरा आहे. कोवळ्या पिकावर बसलेल्या या हिमालयवीरांचं कौतुक पर्यटकाला जितकं, तितकं शेतकऱ्याला असेलच असं नाही. उसाच्या बाजूने चालताना तुम्हीही वाट सोडू नका. या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो.

(दृश्य: मनोऱ्यावर पर्यटक, टेलिस्कोप)

मनोऱ्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'फ्लेमिंगो आलेत का?' येतात, पण त्यांचा नेम नाही. खरं तर विचारायला हवं पाण्याबद्दल. वर गंगापूर, दारणा धरणांतून आवर्तन (पाळीने सोडायचं सिंचनाचं पाणी) सुटलं की इथली पातळी हलते. ती चढली की उथळ कडा बुडतात आणि चिखलात चोच खुपसणारे तुतवार, शेकाटे दुसरीकडे सरकतात. उतरली की तीच कडा उघडी पडते आणि पुन्हा गजबजते. कालचा सुंदर फोटो पाहून आज आलेल्याची निराशा होते ती यामुळेच.

म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत केव्हाही या, पण आदल्या दिवशी गावातल्या गाईडला फोन करून पातळी विचारून घ्या. पाणी चढलेलं असेल तर बदकं बघायची, उतरलेलं असेल तर चिखलातली मंडळी. दुर्बीण नसली तरी अडत नाही, गाईडकडे टेलिस्कोप असतो. भडक रंगाचं जॅकेट मात्र घरीच ठेवा.