फ्रीज घ्यायला काळ बरा आहे का?

[दृश्य: दुकानात ओळीने मांडलेले फ्रीज]

फर्निचर, फ्रीज, शेगडी, टीव्ही अशा मोठ्या वस्तू घ्यायला सध्या काळ चांगला की वाईट? अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ हे लोकांना दर महिन्याला विचारतं. जॉर्ज कटोना यांनी १९४६ साली ही पाहणी सुरू केली; १९७८ पासून ती महिन्याच्या महिन्याला होते.

मुख्य प्रश्न पाच. घरची आर्थिक स्थिती वर्षापूर्वीपेक्षा बरी की वाईट? वर्षभराने कशी असेल? देशातल्या धंद्यापाण्याला पुढचं वर्ष कसं जाईल? पुढची पाच वर्षं? आणि पाचवा हा फ्रीजचा.

[दृश्य: कागदावर मांडलेला हिशेब]

समजा, शंभरातले ४० म्हणाले चांगला, ३५ म्हणाले वाईट. फरक पाचचा, त्यात १०० मिळवले की १०५. काठावरचे २५ यात धरत नाहीत. पाचही प्रश्नांचे असे आकडे काढून बेरीज करायची, ६.७५५८ने भागायचं, वर २ मिळवायचे. येतो तो ग्राहकांच्या मनःस्थितीचा निर्देशांक. भाजक १९६६ सालचा आहे, त्या वर्षाला १०० धरून. आणि ते २ म्हणजे १९५०च्या दशकात नमुना, म्हणजे प्रश्न विचारायची माणसं, निवडण्याची पद्धत बदलली, त्याची दुरुस्ती. जून २०२२ मध्ये निर्देशांक ५०वर घसरला, तोवरचा नीचांक. त्या महिन्यात महागाई ९.१ टक्के होती आणि पेट्रोल गॅलनला पाच डॉलरवर गेलं होतं.

इथवर सगळं पोटापाण्याचं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आले आणि रिपब्लिकन लोकांना पुढचे दिवस एकदम बरे दिसू लागले, डेमोक्रॅटांना वाईट. शपथविधी अजून व्हायचा होता. पगार तोच, किराणाही तोच. २०२० मध्ये बायडेन जिंकले तेव्हा हेच उलट्या बाजूने झालं होतं. म्हणून नुसता एकूण आकडा पाहून बाजारपेठेचं मन कळत नाही. कुठल्याच पक्षाचे नसलेले लोक काय म्हणतात, ते आधी पाहायला हवं.

[दृश्य: मतपत्रिकांचे गठ्ठे, जुनी छायाचित्रं]

निवडणुकीआधी मतदारांचा कल विचारणाऱ्या चाचण्यांत घोळ त्याच्याही आधी होतो: उत्तर देतं कोण? १९३६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी रूझवेल्ट विरुद्ध लँडन अशी लढत होती. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने कल विचारायला सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २३ लाखांवर परत आल्या. अंदाज: लँडन जिंकणार. लँडन यांना मिळाली दोन राज्यं, मेन आणि व्हरमाँट. रूझवेल्ट ६१ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन गेले. मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाची नावं आली होती टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, तीही मंदीच्या काळात, म्हणजे खात्यापित्या घरांची. शिवाय पत्रिका भरून धाडण्याचा उत्साह रूझवेल्टविरोधकांना जास्त.

आज अडचण तीच, फक्त टपालाच्या जागी फोन. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या फोन पाहण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर देत. २०१८ मध्ये ६ टक्के. त्यातही पदवीधर जास्त बोलतात. त्यावर उपाय भारांकनाचा. मतदारांत पदवीधर ३५ टक्के आणि नमुन्यात ५० आले, तर प्रत्येक पदवीधराचं उत्तर ०.७ धरायचं, बाकीच्यांचं १.३. २०१६ मध्ये अनेक राज्यांतल्या चाचण्यांनी शिक्षणाचं हे भारांकन केलंच नाही, आणि ट्रम्प यांची मतं कमी दिसली.

हजार जणांच्या नमुन्याला अधिक-उणे तीन टक्के चूक धरतात. ती एका उमेदवाराच्या आकड्याची. दोघांमधल्या अंतराची चूक जवळपास दुप्पट. त्यामुळे ४८ विरुद्ध ४६ला आघाडी म्हणू नये. आणि या तीन टक्क्यांत न बोललेल्यांचा हिशेब नसतो.

[दृश्य: वाजणारा फोन, कुणी उचलत नाही]

२०२० मध्ये शिक्षणाचं भारांकन बऱ्याच जणांनी केलं. तरी राष्ट्रीय चाचण्यांची चूक ४० वर्षांतली सर्वांत मोठी ठरली. पदवी नसलेल्या ज्या माणसाने फोन उचललाच नाही, त्याच्या वाटचं १.३ फोन उचलणाऱ्याच्याच पदरात पडतं. दोघांचं मत एकच असेल, असं धरून.