माशी की दुर्बीण?

(दृश्य : स्प्रूसचं दाट जंगल, पानगळीतली सकाळ)

फिनलंडमध्ये मूसच्या, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणाच्या, शिकारीला जायचं तर आधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. ७५ मीटरवर मूसचं चित्र. छातीच्या जागी २३ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ. चारही गोळ्या त्यात बसायला हव्यात. काळीज आणि फुप्फुसं तिथेच असतात. रायफलवर दुर्बीण बसवायची की नळीच्या टोकावरच्या छोट्या लोखंडी उंचवट्यावर, म्हणजे माशीवर, नेम धरायचा, हे या वर्तुळाकडे बघूनच ठरवायला हवं.

(जवळून : नळीच्या टोकावरची माशी)

ही माशी २ मिलिमीटर रुंद आहे, डोळ्यापासून साधारण ९० सेंटिमीटरवर. मागच्या खाचेत ती मधोमध आणायची आणि जनावरावर टेकवायची. खाच, माशी आणि जनावर यांपैकी डोळ्याला एका वेळी एकच गोष्ट लख्ख दिसते. म्हणून नेमबाज माशी स्पष्ट ठेवतो आणि जनावर पुसट होऊ देतो. तरुण डोळ्यांना हे साधतं. चाळिशी लागली की माशीच पुसट होते.

शिवाय ही माशी ७५ मीटरवर १७ सेंटिमीटर जागा झाकते. वर्तुळाची कड तरी दिसत राहते. १५० मीटरवर ती ३३ सेंटिमीटर झाकते, म्हणजे अख्खं वर्तुळ माशीआड. तिथून झाडलेली गोळी पोटात गेली, तर मूस लगेच पडत नाही. तो जंगलात निघून जातो आणि तासन्‌तास तडफडतो. कुणाच्याही नेमबाजीच्या अभिमानापेक्षा ते तडफडणं मोठं आहे.

(जुनी छायाचित्रं : बर्फातले सैनिक)

माशीची बाजू घेणारे सिमो हायहाचं नाव हमखास घेतात. फिनलंडच्या राउत्यार्वीचा हा शेतकरी मुळात शिकारी. सोव्हिएत रशियाविरुद्धच्या १९३९-४० च्या हिवाळी युद्धात, कोल्लाच्या आघाडीवर, त्याने दुर्बिणीशिवायच रायफल चालवली. त्याची कारणं पक्की होती. दुर्बिणीतून बघायला डोकं जरा वर काढावं लागतं, भिंगावर ऊन चमकलं की जागा कळते आणि कडाक्याच्या थंडीत काच धुरकट होते. पण पहिली दोन कारणं लपण्याची आहेत. त्याच्या समोर बंदूकधारी माणूस होता. मूस उलट गोळी झाडत नाही. तिसऱ्यावर आता उपाय निघालाय. चांगल्या दुर्बिणीत नायट्रोजन भरून ती सीलबंद करतात, त्यामुळे ती आतून धुरकटत नाही.

आपल्याला इथे कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे आठवेल. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) त्याने कांस्यपदक जिंकलं, तेही दुर्बिणीशिवाय. त्या प्रकारात ती चालतच नाही. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं! पण ते पांढऱ्यावरचं काळं असतं, अंतर ठरलेलं असतं. जंगलात तपकिरी मूस तपकिरी खोडांमध्ये उभा असतो, आणि कधी त्याच्या मागे पिल्लू असतं.

(दृश्य : संधिप्रकाश, दुर्बिणीतून दिसणारं रान)

दुर्बिणीत नेम धरायची फुली आणि जनावर एकाच प्रतलात दिसतात; डोळ्याची ओढाताण थांबते. उजेडाचंही तसंच. ८ पट दाखवणाऱ्या, ५६ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून ७ मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत येतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते. मग आडवी फांदी दिसते, मागचं पिल्लू दिसतं, आणि बोट चापावरून बाजूला घेता येतं. मला दुर्बीण हवी ती यासाठी.

(दृश्य : भुंकणारा कॅरेलियन अस्वल-कुत्रा)

कुत्र्याने मूसला अडवून धरलं असेल आणि शिकारी ३० मीटरवर पोचला असेल, तर गोष्ट वेगळी. ८ पट दुर्बिणीत तेव्हा नुसते केस दिसतात. तिथे माशी उत्तम, किंवा स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये आणलेली लाल ठिपक्याची साइट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम धरायचं उपकरण.

मला विचाराल, तर १ ते ६ पट दाखवणारी दुर्बीण घ्या, झटकन काढता येईल अशा माउंटवर (रायफलवरच्या पकडीवर), आणि खालची माशी तशीच ठेवा. दुर्बिणीला डोळा चिकटवू नका. रायफलच्या धक्क्याने भुवई फाटते. रायफल हातातून पडली, तर कागदावर गोळ्या झाडून तपासल्याशिवाय त्या दुर्बिणीतून जनावरावर नेम धरू नका. तोवर माशी वापरा, आणि तीही फक्त जवळच्या जनावरावर.