मातीचे सर

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात आमचे सर गेले. अंबाझरी घाटावर त्यांचे माजी विद्यार्थी होतेच, पण दोन म्हातारे गवंडी होते आणि भाजी विकणाऱ्या एक मावशीही होत्या. मावशींना सर कुठल्या कॉलेजात शिकवायचे हे माहीत नव्हतं. "माही भिंत पाहाले येत होते," एवढंच त्या म्हणाल्या.

सर आम्हाला मृदा यांत्रिकी शिकवायचे, म्हणजे ज्या मातीवर इमारत उभी राहते तिचं शास्त्र. आपलं नागपूर दोन जमिनींच्या सांध्यावर वसलंय. पश्चिमेला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नाईस खडक. बेसाल्ट झिजून जी काळी माती झाली, ती पावसात फुगते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ती मानवते. घराच्या पायाला मात्र ती दरवर्षी वर ढकलते, खाली ओढते.

पहिल्याच प्रात्यक्षिकाला सरांनी ओल्या मातीचा गोळा माझ्या हातावर ठेवला. काचेवर तळव्यानं वळत त्याची तीन मिलिमीटर जाडीची दोरी करायची. त्या जाडीला ती तुटायला लागली, की मातीत त्या वेळी जेवढं पाणी असेल ती तिची सुघट्यता सीमा. माझी दोरी काही केल्या जमेना. सर मागे येऊन उभे राहिले. "काय करून राहिली गं? आजीसोबत वाती नाही वळल्या का कधी?" वळल्या होत्या, दर श्रावणात! हात सैल सोडला आणि दोरी झाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हे शिक्षण माझंही आहे. वर्गात आम्ही तीनच मुली होतो.

दुसरा प्रयोग तर मी आजही नव्या मुलांना दाखवते. मोजमापाची दोन काचपात्रं घ्यायची. बारीक चाळलेली काळी माती दोन्हींत दहा-दहा ग्रॅम टाकायची, एकात रॉकेल ओतायचं, दुसऱ्यात पाणी. चोवीस तासांनी पाहिलं, तर रॉकेलातली माती होती तेवढीच आणि पाण्यातली जवळपास दुप्पट. या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे थर कागदाच्या गठ्ठ्यासारखे असतात. पाणी त्यांच्या मधोमध शिरतं, रॉकेल तसं शिरत नाही. सर पात्राकडे बोट दाखवून म्हणाले, "या फुगण्यावर कोणाचं तरी घर उभं आहे, बाप्पा."

आणि ते "कोणाचं तरी" त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. रविवारी सकाळी सायकल काढून ते लोकांच्या भिंती पाहायला जायचे. पैसे कधी घेतले नाहीत. भिंतीला भेग दिसली की घरमालक सिमेंट भरायला धावतो. सर आधी विचारायचे, न्हाणीचं पाणी कुठं जातं? नळ कुठं गळतो? पायालगत झाड आहे का? मावशींच्या घराला खरं दुखणं गळक्या मोरीचं होतं. पाणी एकाच कोपऱ्यात मुरायचं, तो कोपरा फुगून वर यायचा आणि भिंत तडकायची. सरांनी मोरीचं पाणी दूर न्यायला लावलं. नवीन घर बांधणाऱ्याला ते रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं रुजवलेले, तळाशी कांद्यासारखे फुगवलेले खांब सांगायचे. ऋतूनुसार ओल जिथवर बदलते, त्याच्याही खाली ते रोवायचे. वरची माती कितीही हलली तरी तो कांदा जागा सोडत नाही.

आमच्या घराच्या जिन्यालाही एक भेग आहे. सरांनी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहिली आणि मधोमध काचेची पट्टी चिकटवली. भेग हलली तर काच तडकेल. "घाई नको करू. एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ दे, मग मला सांग."

पावसाळा गेला. काच शाबूत आहे, हे मी त्यांना दवाखान्यात सांगितलं. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "उन्हाळा?"

उन्हाळा अजून यायचाय, सर.

नमस्कार.