कॉन्ट्रा : ६०चा खेळ, ५०ची सवय

श्रोतेहो, नमस्कार.

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, किंवा शेजारी होता, त्यांना कॉन्ट्राची ओळख करून द्यावी लागत नाही. निळ्या पँटचा बिल, लाल पँटचा लान्स, दोघेही उघडेबंब. जंगलातून उजवीकडे धावत सुटायचं आणि समोर येईल त्याला गोळ्या घालायच्या. आपल्याला एक गोळी लागली की एक लाईफ गेली. हीच मंडळी आज इतक्या वर्षांनी लॅपटॉपवर तो खेळ उघडतात आणि पहिला पूल ओलांडायच्या आत तिन्ही लाईफ घालवून बसतात. मग निष्कर्ष ठरलेला असतो : वय झालं, हात मंदावले.

हात मंदावले असतीलही. पण त्याआधी आणखी एक गोष्ट तपासायला हवी. आपल्याकडे बहुतेकांनी खेळलेला कॉन्ट्रा मुळातच संथ चालत होता.

कोनामी या जपानी कंपनीने कॉन्ट्रा आधी १९८७ साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रासाठी, काढला आणि फेब्रुवारी १९८८मध्ये घरगुती यंत्रावर आणला. हे यंत्र म्हणजे निन्टेन्डोचं फॅमिकॉम, अमेरिकेत त्याचंच नाव एनईएस. जपान-अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं उमटतात आणि खेळ त्या हिशोबाने लिहिला गेला. दर चित्रामागे शत्रू एक पाऊल सरकतो, गोळी ठरावीक अंतर जाते, उडीचा एक टप्पा पुरा होतो. या प्रोग्रॅमला घड्याळ माहीत नाही, तो फक्त चित्रं मोजतो. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. आपल्या बाजारात आलेली, फॅमिकॉमची नक्कल करून बनवलेली यंत्रं या टीव्हीला जुळावीत म्हणून ५०वर चालायची. एखाद्या उडीला ६० चित्रं लागतात असं धरा. मूळ यंत्रावर ती एका सेकंदात संपेल, आपल्याकडे १.२ सेकंद घेईल. म्हणजे सगळा खेळ मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगाने चालायचा. बोटांना त्याच वेगाची सवय लागली.

हा फरक डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळतो, म्हणून रेडिओवर सांगायला सोपा आहे. संगीतातल्या स्वराची उंची यंत्राच्या प्रोसेसरच्या गतीवर ठरते. पुढचा स्वर कधी वाजवायचा हे मात्र चित्रं मोजून ठरतं. मूळ प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, नकलेतला १.७७चा, म्हणजे फरक जेमतेम एक टक्का. परिणामी सूर जवळपास तोच राहिला आणि लय मात्र उतरली. आज मूळ वेगातलं पहिल्या स्टेजचं संगीत लावलं की कुणीतरी तबल्याची लय मध्येच चढवल्यासारखं वाटतं, आणि सूर तर ओळखीचाच असतो.

यावर उपाय आहे. मेसेन किंवा एफसीईयूएक्स यासारख्या एम्युलेटरच्या, म्हणजे जुनं यंत्र संगणकावर हुबेहूब चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये प्रदेश निवडायची सोय असते : एनटीएससी (जपान-अमेरिकेची ६०ची पद्धत), पाल आणि डेंडी. डेंडी हे रशियात विकल्या गेलेल्या नकली यंत्राचं नाव. त्याच प्रकारच्या चिप वापरणाऱ्या यंत्रांसाठी ते आता सरसकट वापरलं जातं. आपल्याला डेंडी हवं. भारतातला टीव्ही पाल होता म्हणून पाल निवडाल तर फसाल. निन्टेन्डोच्या अधिकृत युरोपी यंत्राचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झचा होता, त्यामुळे तिथे लयीबरोबर सूरही उतरतो. दुसरी अडचण पडद्याची. मॉनिटर ६० हर्ट्झवर असेल आणि खेळ ५०वर, तर दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दिसतं आणि पळताना जमीन हलके हलके अडखळते. मॉनिटर ५० किंवा १०० हर्ट्झवर नेता आला तर नेऊन ठेवा.

कोनामीने २०१९ साली कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन काढलं. ते पीसीवर आणि आजच्या खेळयंत्रांवर रीतसर विकत मिळतं. त्यात अमेरिकी आणि जपानी दोन्ही आवृत्त्या आहेत. त्यावर खेळायचं तर ६०ची सवय करावीच लागेल, आणि ती होते. फक्त उडी मारायची जुनी सवय आधी मोडावी लागते. आपली बोटं जितकं थांबून उडी घेतात, त्याच्या अंमळ आधी घ्यायची.

जपानी आवृत्ती वेगळी ओळखू येते. तिच्यात पहिल्या स्टेजमागची झाडं हलतात, बर्फाच्या स्टेजमध्ये बर्फ उडताना दिसतं आणि दोन स्टेजच्या मध्ये नकाशा येतो. तिच्या कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची जादा चिप होती. अमेरिकी कॅसेट साध्या बोर्डवर बसवली आणि हे सगळं गळलं. घरात जुनी कॅसेट सापडली तर झाडांकडे बघा, कुठली आवृत्ती आहे ते लगेच कळेल.

आता सापडलेल्या कॅसेटविषयी. फुंकर मारली की चालते, हा समज अख्ख्या पिढीने जपला. चालायची ती फुंकरीमुळे कमी आणि कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे जास्त, कारण त्या घासण्याने पिनांवरचा थर थोडा खरवडला जायचा. फुंकरीतली वाफ मात्र तांब्यावर राहायची आणि पुढे तिथेच काळं-हिरवं धरायचं.

कॅसेट उलटी करून उजेडात धरा. आत बोर्डची कडा दिसेल. तिच्यावर एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०, अशा ६० बारीक पट्ट्या आहेत, दोन पट्ट्यांच्या मध्यांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर. त्या पिवळ्या, चकचकीत असायला हव्यात. काळपट दिसत असतील तर मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९० टक्क्यांच्या वरचं. कान साफ करायच्या काडीचा कापूस त्यात बुडवा, निथळवा आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे आतून बाहेर, ओढत आणा. आडवं घासलं तर एका पट्टीची घाण दुसरीवर जाते. पहिली काडी काळी निघेल. काडी पांढरी निघेपर्यंत बदलत राहा. डाग हटतच नसेल तर पेन्सिलचं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्याचा भुगा काडीने काढून घ्या. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघून जातो. नेलपॉलिश रिमूव्हरही नको, त्यातलं ॲसिटोन कॅसेटचं प्लास्टिक खातं. दहा मिनिटं सुकू द्या आणि मगच लावा. चालू यंत्रात कॅसेट कधीच घालू किंवा काढू नका.

एवढं करूनही नुसता एकरंगी पडदा दिसत असेल तर प्रोसेसरला कॅसेट वाचता येत नाही असं समजायचं. पुन्हा बसवून बघा आणि स्लॉटमधल्या पिनाही साफ करा. खेळ सुरू होतो, आवाज येतो, पण अक्षरं आणि माणसं चिंध्या झाल्यासारखी दिसतात, तेव्हा बहुतेक चित्रांच्या बाजूची एखादी पिन नीट टेकत नसते.

ॲडॉप्टरबाबत घाई नको. यंत्राच्या तळाला किंवा पिनेशेजारी व्होल्ट आणि धन-ऋणाची खूण छापलेली असते. ती वाचल्याशिवाय हाताला येईल तो ॲडॉप्टर लावायचा नाही. मूळ फॅमिकॉममध्ये मधली पिन ऋण असते, आणि आज घरात पडलेले बहुतेक ॲडॉप्टर मधली पिन धन असलेले. उलटा लागला तर यंत्र जातं. बहुतेक नकली यंत्रांना ९ व्होल्ट लागतात. आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेले ४ उष्णतेत जातात. १२चा लावला तर ७ उष्णतेत जातात, आणि मग यंत्र तापून पडदा गोठू शकतो. टीव्ही नवा असेल तर ॲंटेनाच्या वायरीचा नाद सोडा. यंत्राला पिवळ्या आणि पांढऱ्या एव्ही पिना असतील तर पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ लावा. नाहीतर टीव्ही प्रत्येक चित्र सुधारत बसतो, आणि बटण दाबल्यावर बिल उशिरा उडतो. नव्या टीव्हीवर ‘हात बसत नाही’ म्हणतात त्यातला मोठा वाटा या उशिराचा असतो.

आता कोड. काझुहिसा हाशिमोतो हे कोनामीचे प्रोग्रॅमर १९८६ साली ग्रेडियस हा खेळ फॅमिकॉमवर आणत होते. तपासणी करताना तो खेळ त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी बटणांचा एक क्रम आत घालून ठेवला. तोच पुढे कॉन्ट्रात आला आणि ३० लाईफ देऊ लागला. नावाचा पडदा आल्यावर : वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट. दोघं खेळणार असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. आपल्याकडच्या रिमोटवर ए-बीच्या वर आणखी दोन बटणं असायची, टर्बोची. कोड देताना त्यांना हात लावू नका. टर्बो एका दाबात बी अनेक वेळा पाठवतो आणि क्रम मोडतो. काही कॅसेटच्या यादीत तर ३० लाईफवाला कॉन्ट्रा वेगळ्या नंबरवरच असायचा. तिथे कोडचं कामच नाही.

टर्बो आणखी एका ठिकाणी घात करतो. खेळात उडत येणाऱ्या अक्षरांतून वेगवेगळ्या बंदुका मिळतात. एल म्हणजे लेसर हातात असताना नवा लेसर सोडला की हवेत असलेला जुना गायब होतो. टर्बो दाबून धरलात तर लेसर बंदुकीच्या तोंडापाशीच जन्मतो आणि मरतो, समोरचा शत्रू मजेत चालत येतो. लेसरला एक दाब, मग थांबा. एफ म्हणजे आगीचा गोळा फेकणारी बंदूक दिसायला छान असते, पण तिचा गोळा गिरक्या घेत जातो आणि नेमका निशाणा चुकवून बाजूने निघून जातो. ती दिसली तर सरळ वरून उडी मारून सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एम म्हणजे मशीनगन चांगली आहे, बी दाबून धरलं की चालू राहते.

आणि एस, म्हणजे स्प्रेड. तिच्यावरून भावाभावांत जुंपायची, आणि ती त्या लायकीची आहे. एका दाबात पाच गोळ्या पंख्यासारख्या सुटतात. पण पडद्यावर एका वेळी किती गोळ्या असाव्यात याला मर्यादा आहे. लांबून भराभर मारलं की आधीच्या गोळ्या अजून हवेतच असतात आणि पुढच्या पंख्याच्या दोन-तीन पात्या निघतच नाहीत. जवळ जाऊन मारलं की गोळ्या लगेच आदळतात, जागा मोकळी होते आणि पाचही पुन्हा सुटतात. म्हणून पहिल्या स्टेजच्या शेवटच्या भिंतीला लांबून झोडपत बसू नये. वरच्या दोन तोफा उडवून खालच्या लाल गाभ्याजवळ सरकायचं.

पाण्यात खाली दाबलं की बिल डुबकी मारतो आणि गोळ्या वरून जातात. मात्र डुबकीत असताना त्याला गोळी मारता येत नाही. पूल पाय पडताच तुकड्या-तुकड्याने फुटत जातो, तिथे थांबणाऱ्याला खाली पाणी मिळतं, एवढंच. एका मजल्यावरून खालच्या मजल्यावर यायला खाली दाबून ए.

दोघं खेळताना खरी भांडणं तिसऱ्या स्टेजला, धबधब्यात. तिथे पडदा वर सरकतो आणि परत खाली येत नाही. वरचा गडी पुढे गेला की खालच्याच्या पायाखालची फळी पडद्याबाहेर जाते, आणि पडद्याबाहेर गेलेली फळी खेळाच्या लेखी उरतच नाही. क्षणापूर्वी ज्या दगडावर उभे होतात त्याच्यावर उडी टाकलीत तरी मराल. नियम एकच ठेवा : मागच्याने ‘आलो’ म्हटल्याशिवाय पुढच्याने उडी मारायची नाही. एकटे खेळत असाल तरी खाली उतरायचा विचार करू नका.

दुसऱ्या आणि चौथ्या स्टेजमध्ये आपण पाठमोरे असतो. समोरच्या विजेच्या तारेला शिवलात तर मरत नाही, पण क्षणभर जखडता आणि तेवढ्यात गोळी लागते. भिंतीतले गाभे फुटून वाट मोकळी झाली की मगच वर दाबा. सहाव्या स्टेजच्या ज्वाळा ठरलेल्या तालावर येतात-जातात, सातव्यातले छतावरचे पंजेही तसेच. ५०वर हा ताल मोजून पाठ केला असेल तर ६०वर तो उपयोगी नाही. ज्वाळेसमोर उभं राहून दोन फेऱ्या नुसत्या बघा, तोंडाने मोजा, तिसरीला घुसा.

आठव्या स्टेजमध्ये शेवटी एक मोठं हृदय धडधडत असतं आणि भोवतालच्या अंड्यांतून किडे निघून उड्या मारत येतात. किड्यांच्या मागे लागलात तर ते संपत नाहीत. एस असेल तर हृदयाला जवळजवळ चिकटून उभे राहा आणि बी सोडू नका. पंख्याच्या कडेच्या गोळ्या किडे बघून घेतील. मग हेलिकॉप्टर उडतं, बेट फुटतं, नावं येतात, आणि थोड्या वेळाने बिल पुन्हा त्याच जंगलात उतरलेला दिसतो.